मत मागायला लाजू नकोस

पत्र

ताई, मी मूळची सांगलीची. पुण्यात एम.एस्सी. केलं, आता कॅनडात व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांची स्वतःची संस्था आहे आणि गेलं वर्षभर मी तिच्या कौन्सिलवर आमच्या विभागाची प्रतिनिधी आहे. आता निवडणूक आली आहे. मैत्रिणी म्हणतात, अध्यक्षपदाला उभी राहा. भारतीय मुलांचा ग्रुप म्हणतो, 'आपली मतं एकगठ्ठा तुलाच.' पण दुसरा उमेदवार माझा चांगला मित्र आहे, कौन्सिलवर माझ्या आधीपासून आहे. घाईत बोलले की माझं इंग्रजी अडखळतं. कँडिडसी, म्हणजे पीएच.डी.च्या मधली पात्रता परीक्षा, अजून व्हायची आहे आणि गाइडला मी काहीच सांगितलेलं नाही. आई म्हणते, 'परक्या देशात पुढारीपण कशाला?'

मला मनापासून लागलेली गोष्ट एकच आहे. ऑगस्टच्या शेवटी नवी मुलं येतात. पहिलं विद्यावेतन हातात पडायच्या आधीच घरभाडं, अनामत, गादी, भांडी सगळं एकदम अंगावर येतं. गेल्या वर्षी आमच्या लॅबमधल्या एका नव्या मुलीला मी उसने पैसे दिले, तरी पुरले नाहीत. रात्री आम्ही दोघींनी कागदावर तिचा हिशेब मांडला, तेव्हा पुढचे तीन आठवडे ती काय खाणार हा प्रश्न समोर आला. यावर संस्थेने काही करावं, असं मी बैठकीत दोनदा बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय तिथेच राहिला. मी खरंच त्या पदाच्या लायक आहे का, हेच मला कळत नाही. काय करू?

उत्तर

उभी राहा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. फक्त कोणत्या पदासाठी, ते आजच ठरवू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. अध्यक्षपदाबद्दल तू जे लिहिलंस ते सगळं इतरांचं आहे: मैत्रिणी काय म्हणतात, ग्रुप काय म्हणतो, आई काय म्हणते. त्या मुलीच्या हिशेबाबद्दल लिहिलंस ते तेवढं तुझं स्वतःचं. तिथे तुझ्या वाक्यांना धार आली आहे. म्हणून पहिलं काम हे कर: संस्थेचे उपविधी उघड आणि कोणत्या पदाकडे काय सोपवलं आहे ते शब्द न गाळता वाच. अध्यक्षाचा बराचसा वेळ विद्यापीठाच्या वरिष्ठांबरोबरच्या बैठका, कर्मचारी, बाकी पदाधिकाऱ्यांत मेळ घालणं आणि संस्थेच्या वतीने बोलणं यात जातो. नवीन विद्यार्थ्यांचं स्वागत, त्यांच्या सोयी, अडचणीचा निधी, संस्थेच्या पैशाचा विनियोग या गोष्टी सहसा कुठल्या ना कुठल्या उपाध्यक्षाच्या टेबलावर असतात. नव्या मुलांच्या पहिल्या महिन्याचा, म्हणजे सप्टेंबरचा, प्रश्न सोडवायचा असेल तर ते टेबल तुझं. लोक अध्यक्षपदाचा आग्रह धरतात कारण त्यांना तेवढं एकच पद माहीत असतं.

आता, हे वाचून तुला सुटल्यासारखं वाटलं असेल, की चला, मित्राशी लढायला नको, तर जरा थांब. मैत्री वाचवायची म्हणून पद बदलू नकोस. उपविधी वाचूनही अध्यक्षपदच खुणावत असेल तर त्याला आधी फोन कर, मी उभी राहतेय हे त्याने तुझ्या तोंडून ऐकू दे, आणि मग मोकळेपणाने लढ. जो मित्र तुझ्या उमेदवारीने दुरावेल, तो पुढच्या वर्षी ठरावाला विरोध केलास तरी दुरावलाच असता.

'मी लायक आहे का', हा तुझा प्रश्न मला महाराष्ट्रातून गेलेल्या मुलामुलींकडून फार वेळा ऐकायला मिळतो, आणि त्याचं मूळ कुठे आहे तेही मला दिसतं. आपल्याकडे 1994चा विद्यापीठ कायदा आल्यावर विद्यार्थी परिषदा गुणांवर भरायला लागल्या. वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, आणि पुढची पदंही त्यांच्यातूनच. त्याआधीच्या निवडणुकांत पैसा होता, पक्षांची ओढाताण होती, मारामाऱ्या होऊन रक्तही सांडलं होतं. त्या बंद करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. 2016च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या, पण 2019मध्ये व्हायच्या होत्या त्या विधानसभेचं कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या. याचा परिणाम असा की आपल्या कितीतरी मुलांनी कॉलेजात असताना वर्गातल्या कुणाकडे कधी मत मागितलेलंच नाही. पद म्हणजे मार्कशीटच्या मागोमाग येणारी गोष्ट, अशी सवय लागलेली. मग कुणी 'उभी राहा' म्हटलं की आपण मनातल्या मनात आपलेच गुण मोजायला बसतो.

निवडणुकीत गुण कुणी मोजत नाही. तू लायक आहेस की नाही हे तू ठरवायचंच नाहीस, ते मतदार ठरवतील. तुझं काम एवढंच की त्यांना ठरवता येईल इतकं स्वच्छ सांगायचं: मला हे काम करायचं आहे, असं करणार आहे, त्यासाठी तुमचं मत हवं आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. उलट मत न मागता निवडून यायची इच्छा धरणं मला जास्त खटकतं, कारण मग आपण कुणाला बांधील राहत नाही.

मागायचं कसं? पोस्टर आणि इन्स्टाग्राम होऊन जाईल, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या निवडणुकांत खरी अडचण असते ती मतदान फारच कमी होण्याची. पदवीच्या मुलांसारखे हे एका वर्गात सापडत नाहीत. तुमच्याकडे दहा हजारांहून जास्त आहेत. कुणी तळघरातल्या लॅबमध्ये, कुणी आकेडिया पार्कच्या कुटुंबवसाहतीत मुलाला झोपवतंय, कुणी ग्रीन कॉलेजला किंवा सेंट जॉन्स कॉलेजला राहतंय, कुणी महिनोन्महिने फील्डवर. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना संस्थेचं नाव आठवतं ते फीच्या पावतीवर. त्यांच्यापर्यंत पायांनी जावं लागतं.

संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा लॅबमध्ये सुपरवायझर कमी आणि विद्यार्थी जास्त असतात. दारात उभी राहून विचार, 'दोन मिनिटं आहेत का? नसतील तर उद्या येते.' भाषण करू नकोस. एकच विचार: 'इथे आल्यापासून सगळ्यात अवघड महिना कोणता गेला?' समोरचा आधी गडबडेल, मग बोलायला लागेल. कुणी सांगेल की मुलाला पाळणाघरात जागा मिळेपर्यंत बायकोला घरीच बसावं लागलं. कुणी सांगेल, गाइड सब्बॅटिकलवर (लांबच्या अभ्यासरजेवर) गेला आणि आठ महिने कुणी विचारलं नाही. कुणाला तुझा सप्टेंबरचा प्रश्न अजिबात पडलेला नसेल, कारण तो टोरांटोहून आई-वडिलांच्या गाडीत सामान घालून आलेला असेल. ऐकून घे, बाहेर आल्यावर वहीत लिही, विभागाचं नाव घाल. निघताना मात्र मत माग, स्पष्ट शब्दांत: 'मी या पदासाठी उभी आहे, मतदान अमुक तारखेपासून आहे, मला मत द्याल का?' आपली माणसं इथे येऊन अडतात. वीस मिनिटं छान गप्पा मारतात आणि शेवटचं वाक्य गिळून परत येतात.

तुझ्या इंग्रजीचा प्रश्न या दारोदारच्या बोलण्यात आपोआप मागे पडेल. ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यातले कितीतरी इराणहून, चीनहून, ब्राझीलहून, नायजेरियाहून आलेले आहेत. अडखळणं त्यांनाही ठाऊक आहे. उमेदवारांच्या जाहीर सभेसाठी मात्र तयारी कर. दीड मिनिटाचं बोलणं लिहून काढ, त्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ कर, मधलं पाठ करू नकोस. घाई झाली की अडखळतेस, असं तूच लिहिलं आहेस. मग सावकाश बोल. सभेत सावकाश बोलणाऱ्याचं लोक ऐकतात.

आता ग्रुपबद्दल. 'आपली मतं एकगठ्ठा' या बोलण्यामागे प्रेम आहे, ते मला दिसतं. परदेशात आपल्या माणसाने पुढे यावं असं वाटणं गैर नाही. पण हा पाठिंबा त्या शब्दांत घेऊ नकोस. त्यांना भेट, चहा पाज आणि सांग की मला तुमची मतं हवीत, पण ती मी सप्टेंबरसाठी मागतेय, भारतीय आहे म्हणून नको. ग्रुपमध्ये 'आपला उमेदवार' असे मेसेज फिरायला लागले तर ते थांबवायला सांग, आणि सांगितल्याचं लपवू नकोस. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे असा गठ्ठा बांधला की बाकीचे सगळे आपापले गठ्ठे बांधतात आणि ज्यांचा कुठलाच गट नाही, ती एकटी पडलेली मुलं आणखी एकटी पडतात. आणि दुसरं, निवडून आलीस की ग्रुपमधला कुणीतरी पहिल्याच महिन्यात हॉल फुकटात मागायला येईल. तेव्हा नाही म्हणता यायला हवं. काही संस्थांत पॅनेल करून लढायलाच मनाई असते, खर्चाला मर्यादा असते, प्रचार कधी सुरू करायचा याचाही नियम असतो. तुमच्याकडचे नियम निवडणूक अधिकाऱ्याकडून लेखी मागून घे. उत्साही मित्राने वेळेआधी टाकलेल्या एका पोस्टची तक्रारही उमेदवाराच्याच नावाने होते.

वचनं देताना हात आखडता घे. संस्थेच्या हातात काय आहे आणि काय नाही, यात उमेदवार फार गफलत करतात. टीचिंग असिस्टंटचा (शिकवण्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्याचा, म्हणजे टीएचा) पगार युनियन ठरवून घेते, तुमच्याकडे ती क्यूप 2278 नावाची. संस्था त्या वाटाघाटीच्या टेबलावर बसतच नाही. ट्यूशन फी विद्यापीठाचं नियामक मंडळ ठरवतं. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या राजधानीत, ओटावात ठरतात. मास्टर्सची रक्कम 2003पासून वर्षाला 17,500 डॉलरवर अडकली होती. देशभरच्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, 1 मे 2023 रोजी काम थांबवून ते बाहेर आले, तेव्हा कुठे 2024च्या अर्थसंकल्पात ती 27,000 झाली आणि डॉक्टरेटची 40,000. त्यात विद्यार्थी संस्थांचा आवाज होता, पण 'मी शिष्यवृत्ती वाढवीन' असं एका विद्यापीठातल्या उमेदवाराला म्हणता येत नाही. 'मी त्यासाठी कुणाकुणाबरोबर काय करीन' एवढंच म्हणता येतं.

तुझा सप्टेंबर मात्र संस्थेच्या आवाक्यातला आहे, म्हणून मला तो इतका आवडला. त्याचा आराखडा उमेदवारी अर्जाच्या आधी तयार ठेव. उदाहरण म्हणून आकडे घे: खोलीचं भाडं 1,200 डॉलर धरलं तर ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्याप्रमाणे घरमालकाला अनामत जास्तीत जास्त अर्ध्या महिन्याच्या भाड्याएवढीच घेता येते, म्हणजे 600. पहिल्याच दिवशी 1,800 गेले. (ही मर्यादा कित्येक नव्या मुलांना माहीतच नसते आणि ती पूर्ण महिन्याची अनामत देऊन बसतात. एवढं एक वाक्य स्वागताच्या ईमेलमध्ये गेलं तरी कुणाचे सहाशे वाचतील.) आता समज, संस्थेने 30 जणांना प्रत्येकी 1,000 डॉलर बिनव्याजी दिले आणि डिसेंबरपर्यंत तीन हप्त्यांत परत घेतले, तर 30,000 एकदाच बाजूला काढावे लागतात आणि पुढच्या वर्षी तेच पैसे पुन्हा फिरतात. बुडीत किती धरायचं, अर्ज कोण बघणार, आलेल्या माणसाला न लाजवता गरज कशी तपासायची, याची उत्तरं तुझ्याकडे हवीत. कोषाध्यक्षाकडे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद माग. सभासद म्हणून तो तुझा हक्क आहे, मागताना संकोच नको. राखीव निधी कुठे आहे, कशासाठी बांधलेला आहे, ते त्यातून कळेल.

आणि त्याहून स्वस्त वाटही शोध. प्रवेशाच्या वेळी जाहीर झालेल्या मदतीतला काही भाग विभागांनी पहिल्या आठवड्यातच दिला, तर संस्थेला एक डॉलरही घालावा लागणार नाही. पाच विभागांच्या कार्यालयात जाऊन विचार की हे कशामुळे अडतं. कदाचित बँक खातं उघडायला, सोशल इन्शुरन्स नंबर (पगारासाठी लागणारा सरकारी क्रमांक) मिळायला जे दिवस लागतात तिथेच घोडं अडत असेल. ते कळलं तर निवडणूक जिंकण्याआधीच तू कामाला लागलेली असशील. बैठकीत दोनदा बोलून विषय पुढे का सरकला नाही, तेही इथेच लक्षात येईल. बैठकीत नुसतं बोलणं इतिवृत्तात 'चर्चा झाली' म्हणून बुडतं. लेखी ठराव, त्याला अनुमोदक, रक्कम, तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव एवढं असलं की त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. तू अजूनही प्रतिनिधी आहेस. पुढच्या बैठकीला तो ठराव मांड, निवडणुकीची वाट कशाला पाहतेस?

गाइडला न सांगणं ही तुझ्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट. तुमच्याकडे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने 24 महिन्यांत कँडिडेट व्हावं अशी अपेक्षा असते आणि 36 महिन्यांची हद्द असते. तू दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे परीक्षा आणि पद एकाच वर्षात येऊ शकतात. पूर्ण टीएशिप म्हणजे आठवड्याला सरासरी 12 तास. पदाचे तास त्यावर, आणि संशोधन त्याहून वर. हे बसवता येतं, बसवलेली माणसं मी पाहिली आहेत, पण त्यांनी आधी कागदावर बसवलं होतं. शक्य झालं तर एका टर्मची टीएशिप सोड किंवा अर्धी घे, पदाला मानधन असेल तर तोटा थोडा भरून निघेल. परीक्षेची तारीख कमिटीकडून आत्ताच ठरवून घे. मग गाइडकडे जा ते एक पान घेऊन: परीक्षा अमुक महिन्यात, लॅबचे हे दिवस पक्के, संस्थेचे हे तास, आणि परीक्षेआधीचे सहा आठवडे संस्थेत कमीत कमी काम. 'उभी राहू का?' असं विचारू नकोस आणि 'उभी राहिले' असंही कळवू नकोस. 'असं करायचं ठरवते आहे, यात तुम्हाला कुठे धोका दिसतो?' असं विचार. गाइडने खरा धोका दाखवला, समज त्याच काळात तुमच्या प्रयोगाची एकच संधी आहे, तर त्याचं ऐक आणि एक वर्ष थांब. त्याला नुसतंच आवडलं नसेल तर तो नाराज राहील. नाराजी पेलता येते.

स्टडी परमिटचंही बघून घे. कँपसबाहेरच्या नोकरीवर आठवड्याला 24 तासांची मर्यादा आहे. विद्यार्थी संस्थेतलं काम कँपसवरचं धरलं जातं, त्याला ती लागत नाही, पण पूर्णवेळ विद्यार्थी राहणं भाग आहे. नियम बदलत असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या सल्लागाराकडून लेखी उत्तर घे, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नकोस. शिष्यवृत्तीच्या अटींत कामाच्या तासांची मर्यादा असेल तर तीही वाच.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तुमची संस्था प्रांताच्या सोसायटीज ॲक्टखाली नोंदलेली आहे. संचालक म्हणून नाव लागलं की प्रामाणिकपणे, संस्थेच्या हिताचं आणि समजदार माणसाइतकी काळजी घेऊन वागणं हे कायद्याने बंधन होतं. चेकवर सही करताना कागद न वाचता करायची नाही. ज्या ठरावात तुझ्या मैत्रिणीचा किंवा तुझा फायदा असेल, तिथे आधी सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

आईला 'पुढारीपण' म्हटल्यावर जे दिसतं ते गल्लीतल्या फ्लेक्सवरचं असतं. तिला त्या मुलीचा हिशेब सांग, जसा मला लिहिलास तसाच. आणि तुमच्या संस्थेचं घर, थिया कर्नर हाउस, कुणी दिलं तेही सांग. लिऑन कर्नर हा चेकोस्लोव्हाकियातून 1939मध्ये परागंदा झालेला लाकडाचा व्यापारी. बायकोच्या स्मृतीसाठी त्याने दिलेल्या पैशांतून ही वास्तू 1961 साली उभी राहिली. 'परक्या देशात कशाला' या प्रश्नावर मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचत नाही.

हरलीस तर वाईट वाटेल, आठवडाभर वाटेल, आणि ते वाटू दे. वहीत तोवर शे-दीडशे लोकांनी सांगितलेलं लिहिलेलं असेल. ती वही जिंकलेल्या माणसाकडे घेऊन जा, मग तो तुझा मित्र असो की आणखी कुणी, आणि सप्टेंबरच्या कामासाठी एक समिती माग.

आता कामाला लाग. उमेदवारी अर्जावर सभासदांच्या सह्या लागत असतील तर त्या आपल्या मजल्यावर पाच मिनिटांत गोळा करू नकोस. ज्या इमारतींत तू कधी पाऊल टाकलेलं नाहीस, संगीत, वनशास्त्र, नर्सिंग, कायदा, तिथे जाऊन एकेक सही घे. प्रत्येक सहीला दहा मिनिटं लागतील. तुझ्या प्रचाराची सुरुवात तिथेच झालेली असेल.